न्यायासन आणि सदसद्विवेक : संत थॉमस मोर

ख्रिस्तसभेच्या उपासना-दिनदर्शिकेत २२ जून हा संत जॉन फिशर व संत थॉमस मोर ह्या दोन इंग्लिश रक्तसाक्ष्यांचा स्मरणदिन आहे. फिशर हे रॉचेस्टरचे महागुरू होते. मोर हे प्रापंचिक, चार मुलांचे पिता, व्यवसायाने वकील आणि सरतेशेवटी इंग्लंडचे लॉर्ड चॅन्सलर, म्हणजे राजाच्या खालोखाल न्यायदानाचा सर्वोच्च अधिकार असलेले पुरुष. ३१ ऑक्टोबर २००० रोजी, महाज्युबिली वर्षात, पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी मोर ह्यांना राज्यकर्ते व राजकारणी ह्यांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. वकीलवर्गाने तर त्यांना त्याच्या कितीतरी आधी आपलेसे केले होते.

आपल्या धर्मग्रामांतील मुले-मुली आज वकिली करतात, सरकारी वकील म्हणून उभी राहतात, न्यायाधीशपदाच्या परीक्षांना बसतात. रविवारी मिस्सेत उच्चारलेला श्रद्धेचा अंगीकार आणि सोमवारी न्यायालयात राबवावयाचा कायदा ह्यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न त्यांना पडतो आणि तो पडावा हे योग्यच आहे. कुणी म्हणतात, श्रद्धा घरी ठेवून कामावर जावे. कुणी म्हणतात, अधिकार हाती आला की तो धर्माच्या व धर्मबांधवांच्या कामी लावावा. ही दोन्ही उत्तरे मोर ह्यांनी नाकारली, असे आम्हांस त्यांच्या चरित्रावरून वाटते. त्यांनी काय केले ते येथे काहीशा विस्ताराने देत आहोत.

वकिलीकडे वळलेला तरुण

मोर ह्यांचा जन्म लंडनमध्ये १४७८ साली झाला. वडील जॉन मोर हे वकील व पुढे न्यायाधीश. बालपणी थॉमस कार्डिनल मॉर्टन ह्यांच्या वाड्यात सेवक-विद्यार्थी म्हणून राहिला, नंतर ऑक्सफर्डला गेला आणि १४९६ मध्ये वडिलांच्या इच्छेप्रमाणे लिंकन्स इन ह्या विधिसंस्थेत दाखल झाला. कायद्याच्या अभ्यासाच्या काळात सुमारे चार वर्षे तो लंडनच्या कार्थुसियन मठवासीयांच्या सान्निध्यात त्यांच्या प्रार्थनेत सहभागी होत राहिला. संन्यस्त जीवनाची ओढ होतीच. शेवटी त्याने विवाहाचा मार्ग पत्करला. मात्र अंगावर, वस्त्राच्या आत, केसाळ खरखरीत सदरा घालण्याची प्रायश्चित्ताची सवय त्याने चॅन्सलर झाल्यावरही सोडली नाही. ही गोष्ट घरात फार थोड्यांना ठाऊक होती.

१५१० पासून मोर लंडन शहराचे उपशेरीफ होते. ह्या पदावर त्यांना गुरुवारी सकाळी दिवाणी दावे ऐकावे लागत. त्यांचे मित्र, थोर विद्वान इरास्मुस ह्यांनी १५१९ मधील एका पत्रात नमूद केले आहे की, इतके दावे इतक्या सचोटीने कुणी निकालात काढले नव्हते आणि पक्षकारांनी भरावयाचे शुल्क मोर पुष्कळदा माफ करीत. १५१६ साली त्यांचा ‘युटोपिया’ हा प्रसिद्ध ग्रंथ निघाला. गंमत अशी की, ह्या नामांकित वकिलाने कल्पिलेल्या त्या आदर्श बेटावर वकिलांना मुळी थाराच नाही!

विवेकाचे न्यायालय

कार्डिनल वुल्झी ह्यांच्या पतनानंतर ऑक्टोबर १५२९ मध्ये आठव्या हेन्री राजाने मोर ह्यांना लॉर्ड चॅन्सलर नेमले. त्यापूर्वी दीर्घकाळ हे पद बहुधा धर्मगुरूवर्गाकडे असे. चॅन्सलरला राजाच्या सदसद्विवेकाचा रक्षक मानीत आणि त्याच्या न्यायालयाला, म्हणजे चॅन्सरीला, विवेकाचे न्यायालय म्हणत. सामान्य कायद्याची न्यायालये ठरलेल्या नमुन्यांना घट्ट धरून चालत. कायद्याच्या अक्षराने एखाद्यावर उघड अन्याय होत असेल, तर त्याने चॅन्सलरकडे धाव घ्यावी आणि चॅन्सलरने मनाई हुकूम काढून खालची कारवाई थांबवावी, अशी रीत होती.

येथे ‘विवेक’ ह्या शब्दाचा अर्थ नीट ध्यानात घ्यावयास हवा. चॅन्सलरच्या मनाला येईल तो न्याय, असा तो अर्थ नव्हे. मोर ह्यांच्या मनाई हुकुमांवर सामान्य न्यायालयांचे न्यायाधीश कुरकुर करू लागले, तेव्हा त्यांनी काय केले, ते त्यांचे जावई व चरित्रकार विल्यम रोपर ह्यांनी लिहून ठेवले आहे. मोर ह्यांनी आपण काढलेल्या हुकुमांची यादी करविली, सर्व न्यायाधीशांना जेवावयास बोलाविले आणि भोजनोत्तर एकेक हुकूम कारणांसह त्यांच्यापुढे मांडला. आपणही ह्याहून वेगळे करू शकलो नसतो, असे न्यायाधीशांना कबूल करावे लागले. मग मोर ह्यांनी त्यांना सुचविले की, कायद्याची कठोरता तुम्हीच आपल्या न्यायालयात विवेकाने सौम्य करा, म्हणजे मी एकही मनाई हुकूम काढणार नाही. न्यायाधीशांनी नकार दिला. ज्यूरीच्या निर्णयाआड उभे राहणे त्यांना अधिक सोयीचे वाटते, असे मोर नंतर रोपर ह्यांना म्हणाले.

भेटवस्तूंच्या बाबतीतील त्यांच्या कथा तर वाचनीय आहेत. क्रोकर नावाच्या एका विधवेच्या बाजूने त्यांनी एका उमरावाविरुद्ध निकाल दिला होता. नववर्षदिनी तिने हातमोज्यांचा एक जोड आणून दिला, आत चाळीस पौंडांची सोन्याची नाणी भरलेली. स्त्रीने दिलेली नववर्षाची भेट परत करणे असभ्यपणाचे, म्हणून मोर ह्यांनी हातमोजे ठेवून घेतले आणि ‘अस्तर’ तेवढे परत केले! दुसऱ्या एकाने सुंदर मुलामा दिलेला पेला पाठविला. त्याची घडण मोर ह्यांना आवडली. त्यांनी तो ठेवला, पण त्याच्याहून अधिक मोलाचा आपला पेला त्या गृहस्थाकडे पाठवून दिला.

डॉन्सी नावाचे त्यांचे एक जावई एकदा अर्धवट थट्टेने तक्रार करू लागले. वुल्झींच्या काळात त्यांच्या द्वारपालांचीसुद्धा चांगली कमाई होत असे. आपण मात्र चॅन्सलरांचे जावई असून कुणाचे काम करून चार पैसे मिळवावे म्हटले, तर सासऱ्यांचे दार गरिबातल्या गरिबाला इतके उघडे की मध्यस्थाची गरजच उरत नाही. मोर ह्यांनी त्यांना समजावले की, तुमच्या मित्राचा दावा थोडा आधी ऐकता येईल, त्याची बाजू लंगडी असेल तर उभय पक्षांना तडजोड सुचविता येईल. परंतु पक्षकारांनी न्यायच मागितला, तर एका बाजूला माझे वडील आणि दुसऱ्या बाजूला सैतान उभा असला आणि सैतानाची बाजू खरी असली, तर निकाल सैतानाच्या बाजूने लागेल. हेरॉन नावाच्या दुसऱ्या जावयाला ह्याचा प्रत्ययही आला. सासऱ्यांच्या भरवशावर त्याने लवादाची सूचना झिडकारली आणि मोर ह्यांनी त्याच्याविरुद्ध निकाल दिला.

हे वाचताना मराठी मनाला रामशास्त्री प्रभुण्यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. आमच्या मनात मात्र आणखी एक गोष्ट येते, ती स्पष्टच सांगतो. धर्मग्रामातील कुणी न्यायाधीश किंवा अधिकारी झाला की ‘आता आपला माणूस तेथे आहे’ असे आपण आनंदाने म्हणतो. त्या आनंदात अभिमान किती आणि अपेक्षा किती, हे ज्याचे त्याने तपासून पाहावे. जमिनीच्या वादात, वाटणीच्या दाव्यात, मुलाच्या जामिनासाठी त्या माणसाच्या दारी जाणारा डॉन्सी आपल्यापैकीच एखादा असतो आणि कधीकधी तो धर्मगुरूंची चिठ्ठीही मागतो. अशी चिठ्ठी देणे म्हणजे त्या अधिकाऱ्याने घेतलेल्या शपथेवर घाला घालणे होय.

मोर ह्यांची श्रद्धा लपलेली नव्हती. वेस्टमिन्स्टर हॉलमधून आपल्या न्यायालयाकडे जाताना, वृद्ध वडील राजन्यायपीठावर बसलेले असले, तर इंग्लंडचा चॅन्सलर सर्वांदेखत गुडघे टेकून त्यांचा आशीर्वाद घेई. चेल्सी येथील आपल्या धर्मग्राममंदिरात ते गायकवृंदात पांढरा झगा घालून गात. नॉरफोकचे ड्यूक एकदा भोजनास आले असता हे दृश्य पाहून खवळले. चॅन्सलरने गावच्या देवळातील कारकुनासारखे वागावे हा राजाचा अपमान आहे, असे ते म्हणाले. राजाच्या धन्याची सेवा केल्याने राजा रागावणार नाही, ह्या अर्थाचे उत्तर देऊन मोर हसले.

एक काळे पान

संतांची चरित्रे लिहिताना अडचणीची पाने उलटून पुढे जाण्याची आपल्याकडे प्रथा आहे. ती येथे पाळणे उचित नव्हे. मोर चॅन्सलर असताना पाखंडाच्या आरोपावरून सहा जणांना जिवंत जाळण्यात आले. कायदा तेव्हा तसा होता, खटले धर्मन्यायालयांत चालत; परंतु पाखंडी लोकांचा शोध व अटक ह्यांत मोर ह्यांनी स्वतः पुढाकार घेतला होता आणि त्याविषयी त्यांना खेद नव्हता. ‘युटोपिया’त विविध धर्ममतांना नांदू देणाऱ्या लेखकाने हे करावे, हे आजच्या वाचकाला अनाकलनीय वाटते. आश्रयदाते संत म्हणून घोषणा करतानाच पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी ह्या बाबतीत मोर ह्यांच्या कृतीत त्यांच्या काळाच्या संस्कृतीच्या मर्यादा दिसतात, असे म्हटले आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याविषयीचा जाहीरनामा संमत केला. श्रद्धेच्या बाबतीत कुणावरही बळजबरी करता येत नाही, ही आज ख्रिस्तसभेची शिकवण आहे. त्यामुळे न्यायासनावरील ख्रिस्ती व्यक्तीने मोर ह्यांच्याकडून काय घ्यावे, ह्याबरोबरच काय घेऊ नये हेही ठरलेले आहे.

पद सोडण्याची वेळ

राणी ॲरेगॉनची कॅथरीन हिच्याशी झालेला आपला विवाह मुळातच अवैध ठरवावा, असा राजाचा आग्रह होता. मोर ह्यांना ते पटत नव्हते आणि त्यांनी राजाला तसे सांगितलेही होते. प्रथम परमेश्वराकडे पाहावे, मग राजाकडे, अशी मुभा राजानेच त्यांना दिली होती. काही काळ हा करार टिकला. मार्च १५३१ मध्ये राजाच्या बाजूने विद्यापीठांनी दिलेली मते संसदेपुढे मांडण्याचे काम चॅन्सलर म्हणून मोर ह्यांच्याकडे आले. त्यांनी ती मते मांडली. त्यांचे स्वतःचे मत विचारले गेले, तेव्हा ते आपण राजाला अनेकदा सांगितले आहे, एवढेच म्हणून ते थांबले. पदाचे काम आणि स्वतःची साक्ष ह्यांतील सीमारेषा इतकी बारीक असू शकते.

१५ मे १५३२ रोजी इंग्लंडच्या धर्मगुरूवर्गाने कायदे करण्याचा आपला अधिकार राजाच्या स्वाधीन केला. दुसऱ्याच दिवशी मोर ह्यांनी राजमुद्रा परत केली. ज्या धोरणाला विवेक संमती देत नाही, ते राबविण्याच्या पदावर त्यांना राहावयाचे नव्हते आणि त्या पदावर बसून ते धोरण आतून पोखरावयाचेही नव्हते. राजीनाम्याचे कारण म्हणून प्रकृती पुढे केली गेली. पत्नी ॲलिसला ही बातमी त्यांनी विनोदानेच दिली. मिस्सेनंतर चॅन्सलरांचा सेवक तिच्या बाकाशी येऊन ‘महाराज निघाले’ असे सांगत असे. त्या दिवशी मोर स्वतःच टोपी हातात घेऊन आले आणि महाराज गेले, असे म्हणाले. बिचारीला अर्थ कळावयास वेळ लागला. उत्पन्न घटले, नोकरचाकर कमी करावे लागले.

मौनाचा बचाव

मार्च १५३४ मध्ये संसदेने वारसाहक्काचा कायदा केला आणि १३ एप्रिल रोजी मोर ह्यांना शपथ घेण्यासाठी लॅम्बेथ येथे बोलाविण्यात आले. त्यांनी कायदा व शपथेचा मसुदा दोन्ही मागून घेतले व शांतपणे ताडून पाहिले. राज्याचा वारस कोण, हे ठरविण्याचा अधिकार संसदेला आहे. ॲन बोलिनच्या अपत्यांचा वारसाहक्क मान्य करावयास ते तयार होते. परंतु शपथेच्या शब्दांत राजाचा पहिला विवाह अवैध होता हे मान्य करणे व पोपमहोदयांचा अधिकार नाकारणे अनुस्यूत होते. तेवढे त्यांना नको होते. कायद्यातील काय पाळता येते आणि काय येत नाही हे त्यांनी वकिलाच्या काटेकोरपणाने वेगळे केले. शपथ घेणाऱ्या इतरांना त्यांनी दोष दिला नाही. ज्याचा विवेक त्याच्यापाशी, अशी त्यांची भूमिका होती. १७ एप्रिल रोजी त्यांना टॉवर ऑफ लंडनमध्ये कैद झाली. लाडकी कन्या मार्गारेट हिनेही शपथ घेण्याविषयी त्यांचे मन वळविण्याचा प्रयत्न केला, तो निष्फळ ठरला.

कारण मात्र ते कुणालाच सांगेनात. ह्या मौनाला भित्रेपणा म्हणणारे तेव्हाही होते. वास्तविक मौन हा त्यांचा कायदेशीर बचाव होता. नव्या राजद्रोह कायद्याप्रमाणे राजाला त्याच्या पदवीपासून वंचित करण्याची इच्छा ‘द्वेषबुद्धीने’ व्यक्त करणे हा गुन्हा होता. मौनाने काहीच व्यक्त होत नाही. उलट मौन म्हणजे संमती, असे जुने विधिवचन आहे. मग न्यायालयाने आपली संमतीच गृहीत धरावयास हवी, असा युक्तिवाद त्यांनी केला. हौतात्म्याकडे धाव घेण्याची त्यांची वृत्ती नव्हती. परमेश्वराने दिलेले आयुष्य कायद्याने वाचविता येईल तोवर वाचविणे हे कर्तव्य आहे, असे मानणारा हा संत होता.

१ जुलै १५३५ रोजी वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये, म्हणजे जेथे ते वडिलांपुढे गुडघे टेकीत तेथेच, त्यांच्यावर खटला चालला. न्याय करणाऱ्यांत ॲन बोलिनचे वडील, भाऊ व मामा होते. मामा म्हणजे तेच नॉरफोकचे ड्यूक. रिचर्ड रिच ह्या सरकारी विधिअधिकाऱ्याने तुरुंगातील एका खाजगी संभाषणाचा हवाला देऊन साक्ष दिली. मोर ह्यांनी ती शपथेवर दिलेली खोटी साक्ष असल्याचे सांगितले. ज्यूरीने अल्पावधीतच त्यांना दोषी ठरविले. नवे चॅन्सलर ऑडली लगेच शिक्षा सुनावू लागले, तेव्हा मोर ह्यांनी त्यांना अडविले आणि स्मरण करून दिले की, निकालापूर्वी आरोपीस काही म्हणावयाचे आहे काय, हे विचारण्याचा प्रघात आहे. स्वतःच्या मृत्युदंडाच्या क्षणीही त्यांना कार्यपद्धतीतील चूक खटकली! आता दोषी ठरल्यावर मौनाचे प्रयोजन उरले नव्हते. संसदेचा हा कायदा परमेश्वराच्या कायद्याशी आणि इंग्लंडच्या मॅग्ना कार्टाशीही विसंगत आहे, हे त्यांनी प्रथमच उघडपणे सांगितले. ६ जुलै रोजी टॉवर हिलवर त्यांचा शिरच्छेद झाला. फिशर ह्यांना २२ जून रोजीच मृत्यू आला होता. दोघांनाही १९ मे १९३५ रोजी पोप अकरावे पायस ह्यांनी संतपद बहाल केले.

आजच्या पदांविषयी

भारतात सोळाव्या शतकातील इंग्लंडसारखी धर्मविषयक शपथ कुणावर लादली जात नाही. संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत उच्च व सर्वोच्च न्यायालयांच्या न्यायाधीशांसाठी दिलेली शपथ ईश्वरसाक्ष घेता येते किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करता येते. तीत संविधानाचे व कायद्यांचे रक्षण करीन आणि भय, पक्षपात, ममत्व वा आकस न बाळगता कर्तव्य पार पाडीन, असे वचन असते. ख्रिस्ती न्यायाधीशाने परमेश्वराच्या नावाने असे वचन दिल्यावर धर्मबांधवाला झुकते माप देणे हे शपथभंगाचे पाप ठरते.

आपल्या श्रद्धेसाठी काही मागणे मात्र गैर नाही. २०१५ साली गुड फ्रायडेच्या दिवशी, ३ एप्रिलला, मुख्य न्यायमूर्तींची परिषद भरविण्यात आली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कुरियन जोसेफ ह्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहून आक्षेप नोंदविला. परिषद झालीच. त्या पत्रावर उलटसुलट चर्चा झाली. आम्ही एवढेच नोंदवितो की, मागणी सणाचे पावित्र्य जपण्याची होती. कुठल्या निकालाशी तिचा संबंध नव्हता.

न्यायाधीशाला एखादी गोष्ट खाजगीरीत्या ठाऊक असेल आणि पुरावा उलट सांगत असेल, तर काय? संत थॉमस अक्वायनस ह्यांनी हा प्रश्न तेराव्या शतकातच हाताळला आहे. न्यायाधीश सार्वजनिक अधिकाराने निर्णय देतो, म्हणून त्याने न्यायालयात सिद्ध झालेल्या गोष्टींवरच तो द्यावा. खाजगी माहितीचा उपयोग साक्षीपुरावा अधिक बारकाईने तपासण्यासाठी करावा. विशेषतः आरोपी निरपराध असल्याचे ठाऊक असेल, तर साक्षीदारांची कसून छाननी करावी किंवा प्रकरण वरच्या अधिकाऱ्याकडे पाठवावे. प्रकरणातून बाजूला होण्याची आजची सोय ह्याच जातकुळीची आहे.

मृत्युदंडाचा प्रश्न अधिक कठीण. २ ऑगस्ट २०१८ रोजी प्रसिद्ध झालेल्या, पोप फ्रान्सिस ह्यांनी संमत केलेल्या बदलानुसार ‘कॅथोलिक श्रद्धाग्रंथ’ मृत्युदंड अस्वीकार्य मानतो. भारतीय कायद्यात तो आहे. तथापि १९८० च्या बच्चनसिंग प्रकरणापासून तो केवळ दुर्मिळातील दुर्मिळ प्रसंगीच द्यावा असा दंडक आहे, त्यासाठी विशेष कारणे नोंदवावी लागतात आणि सत्र न्यायालयाने दिलेल्या शिक्षेला उच्च न्यायालयाची पुष्टी लागते. खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेपेचा पर्याय कायद्यानेच ठेवला आहे. कॅथोलिक सत्र न्यायाधीशाला कायदा न मोडता विवेकाचे ऐकण्यास येथे पुष्कळ जागा मिळते. मोर ह्यांनी ती नक्कीच शोधली असती.

नित्याचा प्रश्न घटस्फोटाचा आहे. २००१ च्या दुरुस्तीनंतर ख्रिस्ती दांपत्यांनाही परस्पर संमतीने दिवाणी घटस्फोट घेता येतो. २८ जानेवारी २००२ रोजी रोमच्या रोटा न्यायालयापुढील भाषणात पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी वकील व न्यायाधीश ह्यांत स्पष्ट फरक केला. वकील हा स्वतंत्र व्यावसायिक. त्याने विवाह मोडण्याच्या हेतूने आलेले काम नाकारावे. पक्षकाराचा हेतू केवळ मुलांचा ताबा, पोटगी, संरक्षण ह्यांसारखे न्याय्य हक्क मिळविणे हा असेल आणि ते दुसऱ्या मार्गाने मिळत नसतील, तर त्याला साहाय्य करता येते. न्यायाधीशाला मात्र समोर आलेले प्रकरण विवेकाचे कारण सांगून नाकारण्याची मुभा कायदा देत नाही. गंभीर कारणास्तव तो निकाल देऊ शकतो. परंतु समेटासाठी त्यानेही मनापासून प्रयत्न केला पाहिजे, असे पोपमहोदयांनी सांगितले. ह्यासाठी कौटुंबिक न्यायालयातील न्यायाधीशाला कायद्याबाहेर पाऊल टाकावे लागत नाही. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याचे कलम ९ समेटाचा प्रयत्न करणे हे त्याचे कर्तव्यच ठरविते आणि समेटाची वाजवी शक्यता दिसल्यास कामकाज तहकूब करण्याचा अधिकारही त्याला देते.